भाऊबीजेचा क्रँक आणि बहिणीचे पाय

प्रश्न

इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. वय ३९, उंची १५८ सेंटीमीटर, बँकेत नोकरी. आठ वर्षे दुकानातून तयार घेतलेली हायब्रिड सायकल चालवल्यावर या वर्षी त्यांनी आपल्या पसंतीची माउंटन बाइक एकेक भाग जमवून बांधायला घेतली. ॲल्युमिनियमची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) फ्रेम, २९ इंची चाके, मागे १४८ मिमीचा बूस्ट हब (चाकाचा मधला भाग, नेहमीपेक्षा रुंद मापाचा), शिमानो कंपनीचा १२ स्पीडचा डिरेलर (गिअर बदलणारी यंत्रणा) आणि १०-५१ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच) एवढे घरी येऊन पडले आहे. फ्रेमच्या बॉटम ब्रॅकेटची (पेडलचा आस ज्यात फिरतो त्या बेअरिंगची) नळी ७३ मिमी रुंद आणि आट्यांची आहे. अडले आहे ते क्रँकसेटवर, म्हणजे पेडलचे दोन दांडे (क्रँक), त्यांना जोडणारा आस आणि पुढचे दातेरी चक्र (चेनरिंग) यांच्या संचावर. पुण्याच्या धाकट्या भावाने आपल्या जुन्या सायकलीचा कार्बनचा क्रँकसेट भाऊबीजेची ओवाळणी म्हणून देऊ केला आहे. त्याची लांबी १७५ मिमी, चेनरिंग ३४ दातांची आणि आस ३० मिमी जाडीचा. इकडे दुकानदार शिमानोचा डिओर दर्जाचा ॲल्युमिनियमचा नवा क्रँकसेट १७० मिमी लांबीत, ३० किंवा ३२ दातांच्या चेनरिंगसह द्यायला तयार आहे. सायकल-गटातील मंडळींचे मत असे की फुकट मिळणारा कार्बन नाकारणे हा वेडेपणा आहे, लांब क्रँकने चढावर जोर मिळतो आणि ३० दात ही ‘बायकांची चेनरिंग’ आहे. जुन्या सायकलीवर पुढे २८-३८-४८ आणि मागे ११-३२ असे दात होते. लांब चढानंतर उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते. तीन महिने फ्रेम भिंतीला टांगलेली आहे आणि त्या विचारतात, “भावाचे मन मोडू की पैसे घालवू?”

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवतो, कारण त्याची मांडणीच अशी आहे की कोणतेही उत्तर दिले तरी काहीतरी गमावल्यासारखे वाटावे. पत्र दोनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आले की त्यात कार्बन आहे, भाऊ आहे, दुकानदार आहे, गटातील मंडळी आहेत. तुमचे पाय मात्र एकाच वाक्यात आले आहेत, आणि तेही गुडघा दुखतो हे सांगण्यापुरते. क्रँकसेट ही सायकलीतील अशी वस्तू आहे की तिचे एक टोक फ्रेमला आणि दुसरे पावलाला बांधलेले असते. फ्रेमशी जुळले नाही तर तो बसतच नाही, आणि तो गुंता दुकानातच संपतो. पावलाशी जुळले नाही तर तो अगदी छान बसतो आणि मग वर्षानुवर्षे त्रास देतो. म्हणून आधी फ्रेमचे पाहू, मग पायांचे, आणि भावाचे सर्वांत शेवटी.

तुमच्या फ्रेमची नळी आट्यांची आहे हे फार बरे झाले. ज्या फ्रेममध्ये बेअरिंगचे कप नुसते दाबून बसवतात, त्यांच्या मालकांना पावसाळ्यानंतर जी करकर ऐकावी लागते, ती तुमच्या वाट्याला सहसा येणार नाही. ७३ मिमीच्या नळीला दोन्ही बाजूंनी बाहेरून कप पिळले की एकूण रुंदी साधारण ९२ मिमी होते, आणि उजव्या क्रँकला जोडलेल्या आसाला हे सगळे अंतर ओलांडून पलीकडे डाव्या क्रँकच्या पकडीत शिरायचे असते. भावाच्या क्रँकचा आस ३० मिमी जाडीचा आहे असे तुम्ही लिहिता. तेवढ्याने काहीच ठरत नाही, कारण या जाडीचे आस दोन घराण्यांचे असतात. एक आखूड, ज्यांची बेअरिंग फ्रेमच्या नळीच्या आतच बसतात. दुसरे लांब, जे ९२ मिमीची रुंदी गृहीत धरून बनवलेले असतात. तुमच्या भावाचा आस पहिल्या घराण्यातला निघाला तर तो तुमच्या फ्रेममधून पलीकडे पोचणारच नाही आणि तीन महिन्यांचा संकोच एका फूटपट्टीने मिटेल.

दुसऱ्या घराण्यातला निघाला तर ३० मिमीचे, आट्यांचे कप मागवून तो बसवता येईल. मात्र आस जाड झाला की बेअरिंगच्या गोळ्यांना उरणारी जागा कमी होते. शिमानोच्या २४ मिमी पोलादी आसाभोवती ती जास्त मिळते. कोरड्या हवेच्या प्रदेशात हा फरक जाणवायला काळ लागतो. आपल्या माळव्यात आषाढ-श्रावणात काळ्या मातीच्या वाटेवरून एक चक्कर मारून आलेली सायकल पाहिलेल्या माणसाला अधिक सांगायला नको: ती माती टायरला, साखळीला, डिरेलरला कणकेसारखी चिकटते आणि वाळली की बारीक भुकटी होऊन बेअरिंगच्या रबरी कडेशी बसते. २४ मिमीचा बॉटम ब्रॅकेट बिघडला तर तो दुकानात मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. ३० मिमीचा बहुधा मागवावा लागतो आणि तोवर सायकल उभी. जी वस्तू झिजणारच आहे, ती सहज मिळणारी असावी, असे माझे जुने मत आहे आणि अजून ते बदलण्यासारखे काही घडलेले नाही.

आता साखळीची रेषा, म्हणजे चेनलाइन. बूस्ट हबमध्ये कॅसेट जुन्या १४२ मिमीच्या हबपेक्षा ३ मिमी बाहेर सरकलेली असते, म्हणून चेनरिंगही फ्रेमच्या मध्यरेषेपासून ४९ ऐवजी ५२ मिमीवर असावी लागते. हे माप २०१४-१५ च्या सुमारास बाजारात आले. भावाची सायकल त्याआधीची असेल तर त्याचा क्रँक ४९ वाला असण्याची शक्यता आहे. तीन मिलिमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन नाणी. पण ३४ दातांची मोठी चेनरिंग तेवढी आत सरकली की फ्रेमच्या मागच्या नळीला घासू शकते. चढावर मात्र यामुळे तुमचे काही बिघडणार नाही हेही सांगतो, कारण मोठी चक्रे कॅसेटच्या आतल्या बाजूला असतात आणि तेथे साखळी उलट सरळच राहील. ती तिरकी होईल ती १० दातांच्या बाजूला. काही क्रँकमध्ये चेनरिंग थेट क्रँकवर बसते, तेथे कमी-जास्त बाकाची (फ्रेमकडे वळलेली) चेनरिंग घालून हे अंतर सुधारता येते. स्रॅम या कंपनीच्या अशा चेनरिंगांत ६ मिमी बाकाच्या जागी ३ मिमी बाकाची घातली की ४९ चे ५२ होतात. उलट, दुकानात नवा घेतानाही एक जपा: शिमानोच्या याच दर्जात ५५ मिमी चेनलाइनचाही क्रँक निघतो, आणि डब्यावरचा क्रमांक न पाहता तो तुमच्या हाती दिला जाऊ शकतो. त्यावर ५१ दातांच्या चक्रात साखळी अधिक तिरकी पडते आणि दोन पावलांमधले अंतरही काही मिलिमीटरने वाढते. तुम्हाला ५२ वालाच हवा.

शिवाय शिमानोच्या १२ स्पीड साखळीच्या आतल्या कड्यांची घडण वेगळी आहे. जुन्या ११ स्पीडच्या काळातील, एक दात जाड आणि एक बारीक अशा चेनरिंगवर ती नीट बसेलच असे नाही. त्यामुळे भावाचा क्रँक घेतला तरी त्याची चेनरिंग बदलावी लागेल असे धरून चाला. म्हणजे ‘फुकट’ या शब्दात आता नवे कप आले, नवी चेनरिंग आली आणि पुण्याहून पार्सलचा खर्चही आला.

येथवर फ्रेमचे झाले. आता पाय.

तुमच्या गटात दातांची संख्या ही पुरुषार्थाची मोजपट्टी झालेली दिसते. कागद-पेन्सिल घेऊन बसा. हा हिशेब मी माझ्या ओळखीच्या प्रत्येक नव्या सायकलस्वाराकडून एकदा तरी करून घेतो. २९ इंची चाकावर सव्वादोन इंच रुंदीचा टायर धरला तर त्याचा घेर साधारण २.३ मीटर येतो. पुढे ३४ आणि मागे ५१ दात असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक ३४ भागिले ५१, म्हणजे ०.६७ फेरे फिरते आणि सायकल सुमारे १.५३ मीटर पुढे जाते. पुढे ३० दात असतील तर १.३५ मीटर. उभ्या चढावर ताशी पाच किलोमीटरने, म्हणजे चालण्याच्या वेगाने, जाताना ३४ दातांवर मिनिटाला ५४ फेरे पडतात आणि ३० वर ६२. मिनिटाला साठाच्या खाली फेरे गेले की पाय पेडल फिरवण्याऐवजी जिना चढल्यासारखे दाबू लागतात आणि तो दाब गुडघ्याच्या वाटीवर येतो.

हाच हिशेब आता तुमच्या जुन्या सायकलीला लावा, कारण मला तो सर्वांत बोलका वाटला. तिच्यावर सर्वांत हलका गिअर पुढे २८ आणि मागे ३२ असा होता. हायब्रिडच्या चाकाचा घेर २.२ मीटरच्या आसपास, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे १.९ मीटर. ताशी पाच किलोमीटरला मिनिटाला जेमतेम ४४ फेरे! आठ वर्षे तुम्ही घाट असे चढलात आणि गुडघा दुखतो याचे तुम्हाला नवल वाटते. मला तो इतकी वर्षे गप्प कसा राहिला याचे वाटते.

यात तुमच्या मित्रांच्या बाजूचा एक मुद्दा निघतो, तो लपवणे बरे नाही. ३४ आणि ५१ हा जोडसुद्धा तुमच्या जुन्या सर्वांत हलक्या गिअरपेक्षा बराच हलका आहे. महूहून मंडलेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावर निमाडातून जामच्या दरवाज्यापर्यंत चढून येणे तुम्हाला ३४ वरही पूर्वीपेक्षा सोपे जाईल. डांबरी घाट एवढेच ध्येय असते तर मी ३२ सुचवून थांबलो असतो. पण तुम्ही माउंटन बाइक बांधता आहात ती पातालपाणी आणि चोरलच्या बाजूच्या दगडी वाटांसाठी. तेथे चढ एका लयीत नसतो; दहा मीटर खडक, मग सैल गिट्टी, मग झाडाचे मूळ, आणि मध्येच पाय टेकला तर पुन्हा निघताना पहिला अर्धा फेरा स्वतःच्या ताकदीवर काढावा लागतो. त्या अर्ध्या फेऱ्यासाठी ३० दात. उतारावर वेग कमी पडेल ही भीतीही हिशेबाने पाहा: पुढे ३०, मागे १० आणि मिनिटाला ९० फेरे म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, ३४ ला ४२. शहराबाहेरच्या चारपदरी रस्त्यावर गटाच्या पुढे राहायचे असेल तर हे पाच किलोमीटर महत्त्वाचे, दगडी वाटेवर मुळीच नाहीत. ‘बायकांची चेनरिंग’ म्हणणाऱ्या गृहस्थांच्या मागच्या चाकावरचे सर्वांत मोठे चक्र किती दातांचे आहे ते एकदा मोजा. ते पन्नासच्या आसपास निघाले तर त्याला काय म्हणायचे, हे त्यांनाच ठरवू द्या.

लांबीचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण ‘लांब पान्याला जोर कमी लागतो’ हे आपण सगळ्यांनी नट सोडवताना अनुभवलेले असते आणि म्हणून ते क्रँकलाही तसेच लागू होईल असे वाटते. लागू होतेच, पण किती, ते पाहावे. १७५ वरून १७० वर आलात तर तरफ तीन टक्क्यांपेक्षाही कमी घटते. ३४ वरून ३० दातांवर आलात तर गिअर जवळजवळ बारा टक्क्यांनी हलका होतो. दोन्ही एकत्र केले तर १७० मिमी आणि ३० दात या जोडीवर, त्याच चढावर, पावलाला लागणारा जोर १७५ आणि ३४ च्या मानाने सुमारे नऊ टक्क्यांनी कमी निघतो. १६५ मिमी आणि ३० दात घेतले तरी तो सहा टक्क्यांनी कमीच राहतो. म्हणजे ज्या जोरासाठी मंडळी लांब क्रँक सुचवत आहेत, तो दातांमधून अधिक स्वस्तात मिळतो, आणि तोही गुडघ्याला जास्त न वाकवता.

या विषयावर मार्टिन आणि स्पिरडूसो यांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नेहमी सांगितला जातो. त्यांनी १२० मिमीपासून २२० मिमीपर्यंत पाच लांब्यांचे क्रँक लावून सायकलस्वारांची कमाल शक्ती मोजली, आणि इतक्या टोकाच्या फरकांतही सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट लांबीत अंतर निघाले ते चारेक टक्क्यांचे. ते काही सेकंदांचे जोरकस पेडलिंग होते, तासाभराचा घाट नव्हे, त्यामुळे त्यातून सगळेच निष्कर्ष काढू नयेत. पण पाच-दहा मिलिमीटरवरून आपण जो वाद घालतो त्याची लायकी त्यातून कळते.

मग लांबीला अर्थच नाही का? आहे, पण तो जोरात नसून सांध्यांत आहे. क्रँक दहा मिलिमीटरने आखूड केला की खाली पाय पूर्वीइतकाच सरळ राहावा म्हणून सीट दहा मिलिमीटरने उचलावी लागते. त्यामुळे पेडल सर्वांत वर असताना सीट आणि पेडल यांच्यातील अंतर एकदम वीस मिलिमीटरने वाढते. गुडघा तेवढा कमी दुमडतो आणि मांडी पोटाकडे तेवढी कमी येते. तुमच्या उंचीच्या व्यक्तीला १७५ मिमीवर प्रत्येक फेऱ्यात गुडघा जिथवर न्यावा लागतो, तिथवर सहा फूट उंचीच्या माणसाला न्यावा लागत नाही. पत्रात भावाची उंची नाही, पण १७५ वर तो सुखात असेल तर तो तुमच्यापेक्षा बराच उंच असावा.

आज घरी गेल्यावर एक काम करा. जुन्या हायब्रिडचा क्रँक पुसून त्याच्या आतल्या बाजूला, पेडलच्या छिद्राजवळ पाहा. तेथे लांबी कोरलेली असते. ती १७५ निघाली तर तुमच्या गुडघ्याची निम्मी कहाणी तेथेच लिहिलेली आहे. १७० निघाली तर सीट खाली तर नाही ना, हे तपासा: सीटवर नीट बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सर्वांत खाली न्या, आणि गुडघा त्या वेळी जवळजवळ सरळ व्हायला हवा. आपल्याकडे सिग्नलला दोन्ही पाय टेकावेत म्हणून सीट खाली ठेवण्याची सवय फार आहे आणि गुडघ्याच्या पुढच्या दुखण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. सीट सुधारून महिनाभरात फरक पडला नाही तर मात्र सायकलीचे भाग बदलत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा.

माझी पसंती विचाराल तर दुकानदाराला १६५ मिमी मागवता येतो का ते विचारा. महिन्याभरात येत असेल तर थांबा. त्याहून अधिक लागणार असेल तर १७० घेऊन मोकळ्या व्हा. आखूड क्रँकचा दगडी वाटेवर आणखी एक लाभ असा की १७५ ऐवजी १६५ घेतला तर खालचे पेडल जमिनीपासून एक सेंटीमीटर अधिक उंच राहते. आपल्या बाजूचा तो काळा फत्तर पेडलला लागला की दगड हलत नाही, सायकल हलते.

कार्बनबद्दल माझे मत पूर्वग्रहरहित नाही, हे आधीच कबूल करतो. काही वर्षांपूर्वी मीही एक जुना कार्बनचा क्रँक मोठ्या हौसेने घेतला होता. जानापाव टेकडीच्या चढावर, उजवा पाय खाली दाबला की बारीक ‘टक्’ असा आवाज यायला लागला. मी पेडल काढून ग्रीस लावले, सीटची दांडी पुसली, बॉटम ब्रॅकेट उघडून पुन्हा बसवला. दोन आठवडे आवाज होता तेथेच. शेवटी एका रविवारी पेडल सोडवायला गेलो तर पेडलबरोबर क्रँकमधील आट्यांची धातूची बांगडीच फिरू लागली. कार्बनच्या दांड्यात ती डिंकाने बसवलेली असते आणि तिची पकड सुटली होती. सगळ्या कार्बन क्रँकचे असे होते असे नाही, आणि शर्यतीच्या सायकलींवर ते उगाच बसवलेले नसतात. पण जुना कार्बन घेताना त्याचे पूर्वायुष्य आपल्याला दिसत नाही. ॲल्युमिनियमवर मार बसला तर बहुतेक वेळा खोक किंवा वाक दिसतो. कार्बनमध्ये वरचा थर शाबूत राहून आतले थर सुटलेले असू शकतात.

ज्या वाचकांना असा क्रँक घ्यायचाच असेल त्यांनी क्रँकच्या टोकाची रबरी आवरणे काढून खाली दगडाच्या खुणा पाहाव्यात, पेडल हाताने बसवून ती बांगडी हलते का हे जोखावे, आणि एखाद्या नाण्याने दांड्यावर टोकापासून टोकापर्यंत हलके टकटक करून ऐकावे. मध्येच कोठे आवाज बसका झाला तर ती जागा संशयास्पद समजावी.

वजनाचे म्हणाल तर अशा दोन क्रँकसेटमध्ये फरक फार तर काहीशे ग्रॅमचा पडतो. पाऊण लिटरच्या बाटलीतले थोडे पाणी पिऊन टाकले की तेवढे वजन उतरते. तुमच्याकडे चार पैसे अधिक असतील तर ते चांगल्या टायरवर घाला.

आता भाऊ. “भावाचे मन मोडू की पैसे घालवू” या प्रश्नात तुम्ही असे धरून चालला आहात की त्याला तो क्रँक तुमच्या सायकलीवर पाहायचा आहे. मला वाटते त्याला तुमची सायकल चाललेली पाहायची आहे, आणि देण्यासारखी जी एक वस्तू त्याच्या कपाटात होती ती त्याने पुढे केली. साडी देताना तो रंग विचारतो की नाही? मग येथे मापच विचारायचे राहून गेले, एवढेच समजा. त्याला फोन करा आणि कार्बन वाईट, तुझी वस्तू जुनी, असे काहीही न म्हणता फक्त मापे सांगा: माझी नळी ७३ मिमीची, आट्यांची, चेनलाइन ५२ हवी, मला १६५ किंवा १७० लागेल. सायकलवेडा माणूस मापांवर रुसत नाही. तो स्वतःच म्हणेल की बसत नाही, आणि नकार तुम्हाला द्यावाच लागणार नाही. आस लांब घराण्यातला असून सगळे जुळतच असेल, तरी १७५ ही लांबी उरतेच, आणि ती कोणत्याही कपाने किंवा वॉशरने कमी होत नाही.

त्याचा क्रँक पुण्यात सहज विकला जाईल. सायकली बांधणारे लोक तेथे पुष्कळ आहेत. त्या पैशांतून त्याने तुम्हाला बॉटम ब्रॅकेटचा पाना आणि छोटा टॉर्क रेंच (ठरावीक जोरापर्यंतच आवळणारा पाना) द्यावा, असे मी सुचवीन. स्वतः सायकल बांधायला निघालेल्या माणसाला ही ओवाळणी दहा वर्षे पुरते. शिवाय भाऊबीजेला तो इंदूरला येणार असेल तर दोघांनी मिळून क्रँक बसवा. काम तासाभराचे आहे आणि फराळाच्या आधी उरकते.

बसवताना सांभाळायच्या गोष्टी थोड्याच आहेत. नळीचे आटे कापडाने पुसून त्यांना ग्रीस लावा. ७३ मिमीच्या नळीसाठी शिमानोच्या कपाबरोबर येणाऱ्या अडीच मिमीच्या कड्यांपैकी एकच, आणि ते उजव्या बाजूला, घालायचे असते. उरलेली ६८ मिमीच्या नळीसाठी असतात, ती डब्यातच राहू द्या. कप आधी हातानेच चार-पाच आटे आत गेले पाहिजेत. पहिल्याच आट्याला जोर लागला तर थांबा, ते तिरके चढत आहेत. मग ३५ ते ५० न्यूटन मीटरपर्यंत आवळा. डावा क्रँक आसावर चढवल्यावर टोकाची प्लास्टिकची टोपी नुसती बोटांच्या जोराने फिरवायची असते, १.५ न्यूटन मीटरच्या वर नाही. येथे मिस्त्री लोक हमखास जास्त पिळतात, बेअरिंगवर आडवा दाब येतो आणि क्रँक जड फिरू लागतो. दोन पकड-बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे करत १२ ते १४ न्यूटन मीटरवर न्या. एकच पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळू नका. शेवटी क्रँकचे टोक धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवून पाहा. खुटखुट लागली तर टोपी किंचित कमी पडली आहे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा एकदा तपासा.

एक विनंती ज्या वाचकांनी अजून काहीच विकत घेतलेले नाही त्यांना आहे. फ्रेमची नळी, मागच्या हबची रुंदी आणि कॅसेट ही तीन मापे कागदावर लिहून झाल्याशिवाय क्रँककडे वळू नका. सुंदर क्रँक आधी घेऊन त्याच्यासाठी फ्रेम शोधत फिरणारे लोक मी पाहिले आहेत. आणि सायकल घरी बादलीच्या पाण्याने धुवा. स्कूटर धुण्याच्या सर्व्हिस स्टेशनवर जोराचा फवारा बॉटम ब्रॅकेटवर मारून घेतला की आतले ग्रीस धुऊन जाते आणि महिन्याभरात तो घरघरू लागतो.

दिवाळीपर्यंत सायकल बांधून तयार झाली तर पहिली चक्कर जानापावची काढायला हरकत नाही, फक्त कार्तिक पौर्णिमेच्या जत्रेचा दिवस टाळा. त्या दिवशी वर जायच्या रस्त्यावर सायकलीलाही जागा नसते. आणि भाऊ कप बसवायला बसला की त्याच्या हाताकडे लक्ष ठेवा. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, तो कप डावीकडे फिरवून घट्ट होतो. त्याला ते ठाऊक असेलच; नसेल तर आता तुम्हाला आहे.